मी पडलो नाही, भोवळ आली

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. नोंद असलेली बरी. उद्या कोणी खोटं बोललं तर वहीच तोंडावर फेकून मारता येईल.

काल बॉक्सिंग क्लबात बर्फवाल्याशी तीन राउंडची लढत. पहिला राउंड सरळ सरळ माझा. त्याच्या नाकातून रक्त काढलं. दुसऱ्या राउंडला चाळिसाव्या सेकंदाला मला भोवळ आली. योगायोगाने त्याच क्षणी त्याची उजवी मूठ माझ्या जबड्यापाशी होती. लोक म्हणतात त्याने लोळवला. लोकांना डोळे आहेत, अक्कल नाही.

नुकसान: डावी भुवई फाटली, दाढेचा तुकडा गेला, बनियन रक्ताने लाल. वस्तादांनी दहापर्यंत आकडे मोजले म्हणे. मला एकही ऐकू आला नाही. म्हणजे ते हळू मोजत असणार.

हा बर्फवाला बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. बोलत नाही, हसत नाही, चिडत नाही. अशा माणसाला टेक्निक नसतं, नुसते दंड असतात.

वस्तादांचा नियम आहे, तीनदा आडवा झाला की रिंग बंद. हे माझं तिसऱ्यांदा. १६ मार्चच्या स्पर्धेतून माझं नाव काढलं. मी शांतपणे सांगितलं की मी पडलो नाही, भोवळ आली. वस्ताद म्हणाले, पडलो तरी नाक वर. नाक वर नव्हतं, सुजलं होतं.

घरी येऊन स्वयंपाकघराच्या दाराला एक ठोसा. फळी आरपार. राग वगैरे नव्हता, ठोशाचा फॉलो-थ्रू तपासत होतो. धाकटी बहीण, छोटी, डोक्याला ओढणी आवळून अंधारात पडलेली. डोकं दुखतंय म्हणे. मार मी खाल्ला आणि डोकं हिचं! वीस वर्षांची घोडी झाली, नाटकं संपत नाहीत.

५ फेब्रुवारी

भुवई पिकली. मोठ्या हॉस्पिटलात पाच टाके. इंजेक्शन नको म्हणालो. तिसऱ्या टाक्याला विचार बदलला. नर्सचा आग्रह मोडवेना.

बाहेर भिंतीवर कागद: वय १८ ते २५? वारंवार भोवळ येते? अर्धशिशीचा त्रास आहे? रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात भाग घ्या.

तिथेच उभ्या उभ्या ट्यूब पेटली. माझं वय चोवीस. भोवळ तीनदा. दोष रक्तवाहिन्यांचा! मनाने, मुठीने आणि जबड्याने मी आजवर अजिंक्य आहे. डॉक्टरांचं तसं सर्टिफिकेट आणायचं, वस्तादांच्या टेबलावर आपटायचं, तीनही वेळचे निकाल रद्द, नाव पुन्हा यादीत. मग बर्फवाल्याची बत्तिशी मोजून हातात.

नावं पाठवायची शेवटची तारीख ८ मार्च. भरपूर वेळ आहे.

७ फेब्रुवारी

अभ्यासवाल्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. एवढीशी मूर्ती, आवाज मांजरासारखा. पण प्रश्न पोलिसाचे.

भोवळ कधी येते? रिंगमध्ये. इतर वेळी? इतर वेळी सवड कुठे असते. ठोसा बसण्याआधी येते की नंतर? मी म्हटलं, साधारण एकाच वेळी. बाईंनी बराच वेळ लिहिलं. केस इंटरेस्टिंग असावी.

त्यांनी हेही सांगितलं की तीनदा शुद्ध गेली म्हणजे आधी डोकं तपासून घ्या, वरच्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर बसतात, तोवर ग्लोव्हजना हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. वरच्या मजल्यावर गेलो असतो, पण लिफ्टला रांग होती.

तपासणीला घरातलंच एखादं ठणठणीत भावंड आणा म्हणाल्या, तुलनेसाठी. म्हणजे छोटी. ती नको म्हणत होती. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, सुट्टी कापतात म्हणे. मी समजावलं. समजावताना टेबलावर हात जरा जोरात पडला, दोन ग्लास फुटले. मग तयार झाली. गोडीने सगळं होतं.

ती ठणठणीत कशी असेल, असं आई पुटपुटली. आईचं बोलणं लक्ष देण्यासारखं नसतं.

१२ फेब्रुवारी. दुपार.

पहिली तपासणी. उपाशी बोलावलं होतं. चहासुद्धा नाही. मी भोवळीच्या तयारीने काल दुपारपासूनच जेवलो नव्हतो. शिवाय सकाळी दोनशे बैठका. केस भक्कम करायला नको?

प्रकार असा: आडवं झोपवतात. कोपराखाली पट्टा बांधून हवा भरतात, इतकी की रक्त बंद. पाच मिनिटं. मग पट्टा सोडतात, रक्त धो धो धावतं आणि दंडातली नस किती रुंदावते ते मशिनवर मोजतात. नस धडधाकट असेल तर रुंद होते. माझी होणार नाही अशी खात्री होती.

पट्टा म्हणजे एक नंबरचा दुश्मन. हात आधी पांढरा, मग निळा, मग मुंग्या, मग वाटलं कोणी करवतीने कापतंय. मी हूं की चूं केलं नाही. बाई म्हणतात मी दुसऱ्या मिनिटाला ओरडलो. ती गर्जना होती. पट्टेवाल्या टेक्निशियनला मी कानाखाली जाळ काढीन असंही म्हणालो म्हणे. तो शांतपणे म्हणाला, दुसरा हात लागणार आहे, जपून ठेवा.

पडद्यावर नस दिसली. काळी, गोल. फुगली. मी विचारलं, एवढं फुगणं वाईट ना? बाई म्हणाल्या, निकाल सगळा मिळून सांगू.

छोटी पाच मिनिटं गप्प पडून होती. तिला लागतच नसणार. बायकांच्या हाताला जाणीव कमी.

नंतर बाईंनी तिला सहज विचारलं की डोकं कधी दुखतं का. ती माझ्याकडे बघायला लागली. बाई मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसा. अर्धा तास! ठणठणीत माणसाशी एवढं काय बोलायचं असतं? बाहेरच्या खुर्चीचा हात माझ्या हातात आला. आधीच खिळखिळी होती.

१३ फेब्रुवारी

छोटीला रोज भरायला एक तक्ता दिलाय. कधी दुखलं, किती दुखलं, कशाने सुरू झालं. मी मागितला तर मला नाही म्हणाल्या. म्हणजे माझी केस तक्त्यापलीकडची आहे.

१५ फेब्रुवारी

गॅरेजमध्ये आज जोर होता. ठोकून ठोकून गाडीचं दार सरळ करायचं होतं, ते बर्फवाल्याचं तोंड समजून हाणलं. मालक म्हणाला, पोचा काढायला सांगितला होता, भोक पाडायला नाही. नवीन दार माझ्या पगारातून. मालकाला विजेत्याची किंमत नाही.

घरी येताना जिन्यातच ओरडून सांगितलं की मला कोणी काही विचारू नका. कोणी विचारलं नाही. आईने दिवा मालवला. छोटीच्या खोलीतला आधीच मालवलेला होता.

१९ फेब्रुवारी

आज फायनल. उभं करायचं टेबल.

पट्ट्यांनी बांधून आडवं झोपवतात आणि मग टेबलासकट उभं करतात. पाय हलवायचे नाहीत. ज्याला भोवळ यायची त्याला येते. माझी पूर्ण तयारी होती: दोन दिवस पाणी कमी, काल झोप नाही, पोट रिकामं. शिवाय मनात भोवळीचं चित्र. कॉन्फिडन्स शंभर टक्के.

दहा मिनिटं. काही नाही.

वीस मिनिटं. मी श्वास रोखून बघितला. टेक्निशियन म्हणाला, श्वास घ्या.

तीस मिनिटं. डोळे फिरवले, मान टाकली. बाईंनी मशीन बघून सांगितलं की नाडी उत्तम आहे, मान वर घ्या.

पंचेचाळीस मिनिटांनी सोडलं. आयुष्यात इतका ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो. शरीराने ऐन वेळी दगा दिला. त्या टेबलावर कोणी जबड्यावर एक ठेवून दिली असती तर लगेच सिद्ध झालं असतं. तसं सुचवलंही. टेक्निशियन हौसेने उठला, बाईंनी त्याला बसवलं.

मग छोटी. आठव्या मिनिटाला तिचा रंग कागदासारखा झाला. ओठ पांढरे. कपाळावर घामाचे थेंब. काहीतरी बोलायला गेली आणि गेलीच. मान अशी लटकली की मी असल्या माना रिंगमध्येसुद्धा पाहिलेल्या नाहीत. टेबल झटकन आडवं केलं. नर्स धावली. बाई तिचं नाव घेऊन हाका मारत होत्या.

मी म्हटलं, नाटक आहे, घरी पण करते. बाई मागे न बघता म्हणाल्या, हिचं हृदय अकरा सेकंद थांबलं होतं, हे नाटक कसं करतात ते दाखवा.

 

टीप: माझी भोवळ तिने नेली असावी. एकाच घरात दोघांना एकदम येत नसेल.

२४ फेब्रुवारी

झोप नीट नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय पैलवान, परत कधी झोपणार? त्याची कॉलर धरली, बॉनेटवर आडवा घातला, दोन ठेवून दिल्या. ओठ फुटला त्याचा. मालकाने मला मागून धरलं म्हणून वाचला. आठवडाभर कामावर येऊ नको म्हणे. बरंच झालं. प्रॅक्टिसला वेळ.

प्रॅक्टिस घरीच. पोत्यात वाळू भरून छताच्या कडीला टांगलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. धाड, धाड. खालचे भाडेकरू वर आले. मी दार उघडलं तसे खाली गेले. छोटी दुकानातून लवकर आली, उलट्या करत होती. आई म्हणाली, जरा वेळ थांबव रे बाबा. मी म्हटलं, स्पर्धा काय हिच्या डोक्यासाठी थांबणार आहे?

पोतं फाटलं. घरभर वाळू. आई आणि छोटी दोघींनी मिळून झाडली. छोटी एक डोळा मिटून झाडत होती.

१ मार्च, शनिवार

निकाल.

बाईंनी कागद समोर ठेवले. माझ्या रक्तवाहिन्या अव्वल आहेत. पट्टा सोडल्यावर नस अगदी हवी तशी रुंदावते. रक्तदाब उत्तम. अभ्यासातल्या सगळ्या पोरांत सरस नसांपैकी एक माझी. मला त्यांनी ठणठणीत गटात टाकलं आणि तुलनेसाठी म्हणून नेलेली छोटी आजारी गटात गेली. अर्धशिशी आणि भोवळ, दोन्ही. तिच्या नसा कशा वागतात यावर बाई बरंच बोलल्या. आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही, म्हणून तर अभ्यास चाललाय, असंही म्हणाल्या. तिने भरपूर पाणी प्यायचं, उपाशी राहायचं नाही, भोवळ येतेय वाटलं की लगेच आडवं व्हायचं, अंधार आणि शांतता. शांतता म्हणताना बाई माझ्याकडे बघत होत्या. बहुतेक माझ्या नसा बघत असतील.

मी विचारलं, मग रिंगमध्ये मला काय होतं? बाई म्हणाल्या, तुम्हाला कोणीतरी खूप जोरात मारतं.

वरच्या मजल्यावर गेलात का, हे पण विचारलं. परत सांगितलं, हात जोडून सांगितलं म्हटलं तरी चालेल. मेंदूला परत मार बसला तर माणूस उठत नाही, वय चोवीस असलं तरी.

कॉरिडॉरमधल्या भिंतीला एक दिली. प्लास्टर पडलं. दोन बोटं सुजली. भिंत सरकारी होती, नाहीतर पडलीच असती.

छोटी रडत होती. मला वाटलं घाबरली. विचारलं तर म्हणाली, घाबरले नाही, कोणीतरी पहिल्यांदा खरं मानलं. या पोरीचं काही कळत नाही. आजारी असल्याचा आनंद!

३ मार्च

नवा प्लॅन. जुन्यापेक्षा सरस. सर्टिफिकेटवर 'उत्तम रक्तवाहिन्या' लिहिलंय ना? तेच वस्तादांसमोर आपटलं. सिद्ध, मी ठणठणीत!

वस्तादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, भोवळीचा आजार निघाला असता तर तुला जन्मात रिंगमध्ये पाऊल ठेवू दिलं नसतं. आणि आजार नाही, म्हणजे तीनही वेळा तू मार खाऊन पडलास. तुला आणायचं तरी काय होतं रे?

हा मुद्दा महिनाभरात माझ्या ध्यानात आला नव्हता असं नाही. मी वेगळ्या अँगलने बघत होतो.

मी म्हटलं, निकाल फिरवा. त्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, पोरा, तुझा जबडा काचेचा आहे, त्यात लाज नाही, माझा पण होता. मुलांना शिकवायला ये. मी हात झटकला आणि त्यांच्या कपाटाची काच फोडली. बक्षिसांचे कप खाली पडले. वस्ताद वाकून एकेक कप उचलत होते तेव्हा म्हाताऱ्यासारखे दिसले.

६ मार्च, गुरुवार

बर्फवाल्याला क्लबामागच्या मोकळ्या जागेत गाठला. ग्लोव्हज नाहीत, वस्ताद नाहीत, आकडे नाहीत. तो डबा खात होता. मी म्हटलं, ऊठ. तो म्हणाला, जेवू दे. डब्याला लाथ घातली.

तो उठायच्या आत पहिली दिली. ओठ फाटला. दुसरी डोळ्यावर, तिसरी बरगडीत. करकर वाजलं. हनुवटीवरून रक्त शर्टावर गळत होतं आणि हा हात खाली सोडून उभा. म्हणाला, बस झालं ना, वस्तादांनी सांगितलंय तुझ्या डोक्यावर हात टाकायचा नाही. दया! माझ्यावर! चौथी त्याच्या कानावर घातली. तो नुसता मला मिठी मारून धरत होता. मी त्याचा अंगठा चावला. हाडापर्यंत.

मग त्याने पोटात एक दिली. डोक्यावर नाही, दिलेला शब्द पाळला. मी गुडघ्यांवर आलो आणि कपाळ फरशीवर आपटलं.

दुपारी चार ते चार वाजून काही मिनिटं: नोंद नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा तो माझ्या कपाळाला बर्फ लावत होता. यापेक्षा अपमान नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

घरी आलो. जिन्यात कठडा मोडला. आत आल्यावर खुर्ची भिंतीवर, पातेलं खिडकीवर, मग दुसरी खुर्ची. काय काय ओरडलो आठवत नाही. आई कोपऱ्यात. छोटी खोलीतून बाहेर आली, भिंत धरून, डोळे मिटलेले. म्हणाली, दादा, पुरे. एवढंच. रंग गेला आणि उभीच्या उभी खाली आली. डोकं उंबरठ्यावर. आवाज झाला.

हा आवाज मला ओळखीचा आहे. पण बाहेरून पहिल्यांदा ऐकला.

केसांतून रक्त. फरशीवर इतकं पटकन पसरतं माहीत नव्हतं. मी उचलली. काहीच वजन नाही पोरीला. चार मजले खाली, रस्ता ओलांडून रिक्षात. वाटेत तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि दोन्ही हात तोंडापुढे घेतले. कोपरं आत, मुठी कानाशी. अगदी बरोबर गार्ड.

मी तिला कधी शिकवलेला नाही.

८ मार्च

सात टाके. मंगळवारी सोडतील. यादी आज गेली. माझं नाव नाही. बर्फवाल्याचंही नाही, बरगडी मोडलीय आणि अंगठा पिकलाय.

डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या होत्या. छोटीचा तक्ता खाटेपाशी होता, त्या बघत होत्या. फोन आला म्हणून बाहेर गेल्या. मी सहज उचलला. घरातल्या माणसाला आजाराची माहिती हवीच.

अक्षर सुरेख आहे तिचं. तारखा, वेळा, दुखणं दहापैकी किती. शेवटचा रकाना, कशाने सुरू झालं. मला वाटलं ऊन असेल, वास असेल, दुकानातला लख्ख उजेड असेल. एका ओळीत होता उजेड. एका ओळीत उपास.

बाकी ओळींत, जिन्यात दादाचा आवाज.

तेरा ओळी. दोनदा मोजल्या.

ज्या आठवड्यात मी कामावर न जाता घरी होतो तिथे आवाजसुद्धा लिहिलेला नाही. नुसतं, दादा घरी.

बाई परत आल्या.  मी विचारलं, यावर गोळी नाही का? म्हणाल्या, तिच्यासाठी आहे.

१० मार्च

सकाळी लवकर उठून वरच्या मजल्यावर गेलो. लिफ्ट रिकामी होती. मेंदूच्या डॉक्टरांनी रिंग कायमची बंद म्हणून लिहून दिलं. मी वाद घातला नाही. त्यांचं टेबल काचेचं होतं, हात मांडीखाली ठेवून बसलो.

संकल्प: आवाज कमी. दारांना हात नाही. स्वयंपाकघराच्या दाराला नवी फळी बसवली, सावकाश, स्क्रूने, हातोडा न वापरता. छोटी येईल तेव्हा घर असं शांत हवं की बाईंनी येऊन मोजावं. दोन दिवसांत सगळं सुरळीत. निश्चय केला की माझ्यासारखा माणूस काय करू शकत नाही!

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळ.

छोटी घरी आलीय कालपासून.

आज जिन्याखालीच बूट काढून हातात घेतले. चार मजले पाय न वाजवता आलो. पिंडऱ्या दुखल्या. दारापाशी आलो तर आतून हसणं. छोटीचं. आई छोटीच्या दुकानातल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाची नक्कल करत होती आणि ती खिदळत होती, टाके दुखतात म्हणत होती आणि तरी हसत होती. तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं तिला हसायला येत नाही.

बराच वेळ बाहेर उभा होतो. पाच मिनिटं असतील, दहा असतील.

मग अगदी हळू दार लोटलं. काही वाजलं नाही. मी हसूनच आत गेलो.

हसणं थांबलं.

तिचं हसून झालं असेल बहुतेक.